सरांनी माझा ओटा इंग्रजीत घेतला

अकोल्यातल्या एका निवृत्त इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मला फसवलं. माझं भांड्यांचं दुकान आणि दुकानापुढचा ओटा त्यांनी पडत्या भावात घेतला. खोटी सही नाही, धाकदपटशा नाही, मधे दलाल नाही. रोज सकाळी माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, एकच इंग्रजी वाक्य म्हणत म्हणत घेतला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत आता या गोष्टीचे दोन प्रकार फिरतात, आणि सरांचा प्रकार शुद्ध भाषेत असल्यामुळे लोकांना तोच खरा वाटतो.

फसली ती कोण होती हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारी भोळी बाई. मी भोळी नाही. अमरावतीच्या गल्ल्यांमधून डोक्यावर टोपली घेऊन "कपड्यावर भांडेऽऽ" असं ओरडत मी अर्धं आयुष्य काढलं आहे. बायका जुन्या साड्या, नवऱ्यांच्या पँटी, मुलांचे स्वेटर आणून द्यायच्या आणि मी त्यावर स्टीलचं पातेलं, म्हणजे आमच्याकडचा गंज, तांब्याएवढा गडवा, वाट्या असं काहीबाही द्यायचे. या धंद्यात भांडवल टोपलीत नसतं, जिभेवर असतं. समोरची बाई लग्नातला शालू घेऊन दारात आली की तो शालू तिच्या डोळ्यांदेखत जुना करावा लागतो. आधी उन्हाकडे धरायचा. "इथं विरला, बाई." मग काठ चिमटीत घ्यायचा. "जर काळी पडली." घडीवरून बोट फिरवायचं. "घडीवर चिरला. आज नाई उद्या हातात येईन." शेवटी पदर नाकाशी न्यायचा आणि काहीच बोलायचं नाही, नुसतं तोंड वाकडं करायचं. त्या शालूत ती बाई सप्तपदी चाललेली असते. पण चहा उतू जायला लागतो तेवढ्या वेळात तिलाच वाटायला लागतं की ही ब्याद घरातून गेलेली बरी. मग ती गंजावर एक गडवा मागते, मी टोपली उचलते, ती "अवं थांब न" म्हणते, आणि सौदा होतो.

याला आमच्याकडे खोड काढणं म्हणतात. बैलबाजारात हेच चालतं. मोर्शीकडे संत्र्याच्या बागेचा सौदा करायला व्यापारी येतो, तोही झाडाखाली उभा राहून आधी फळ बारीक म्हणतो, साल जाड म्हणतो, मग पाणी कमी पडलं असं म्हणून मातीला लाथ मारतो. बागवाला रागवत नाही. तो घरात चहा टाकायला सांगतो, कारण त्याला कळलेलं असतं की माणूस घ्यायला आलाय. ज्याला घ्यायचं नसतं तो बाग बघतो, छान म्हणतो आणि निघून जातो. मालाला नावं ठेवण्याची मेहनत कोणी फुकट करत नाही. हे मी माझ्या मुलीला तिच्या लहानपणी शिकवलं होतं, कपड्यांची गाठोडी बांधता बांधता.

टोपलीवरून हातगाडी आणि हातगाडीवरून अकोल्यातलं ते दुकान. जुने कपडे ठोक घेणारे व्यापारी तिकडे होते, म्हणून मी अमरावती सोडली. बाजारामागची गल्ली, दुकान एवढंसं, पण पुढे दगडी ओटा आणि ओट्यावर दुपारपर्यंत सावली. टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईला सगळं जग दाराबाहेरून दिसतं. लोक तिला पाणी देतात ते पायरीवर. मी त्या ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसले आणि पहिली बाई गाठोडं घेऊन माझ्या पायरीशी आली, तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी भाव करताना जरा नरम पडले होते, एवढंच. या गोष्टीत गेला तो ओटा, हे ध्यानात ठेवा. भांडी मी कुठंही मांडीन.

गल्लीत माझ्यासमोर चाचा बसायचे. पूर्वी ते पितळी भांड्यांना कल्हई करत. घरोघरचं पितळ माळ्यावर गेल्यापासून कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. आणि माझ्या शेजारच्या घरात, वरच्या मजल्यावर, सर. एकटेच. सकाळी इंग्रजी पेपर काखेत मारून खाली उतरायचे आणि माझ्या ओट्यावर बसायचे. मला बरं वाटायचं. दुकानासमोर चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसलेला असला की गिऱ्हाईक भाव करताना आवाज चढवत नाही.

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नळाला पाणी आलं नव्हतं. सरांनी पेपर खाली केला, कोरड्या नळाकडे बघितलं आणि म्हणाले, "गोइंग टू द डॉग्ज." मग हे रोजचं झालं. नगरसेवक, टू द डॉग्ज. आमची गल्ली, टू द डॉग्ज. त्यांचं जुनं कॉलेज, टू द डॉग्ज. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या पोह्यांवर पूर्वी रस्सा जास्त मिळायचा, आता कमी मिळतो, तेही तिकडेच. चाचांना इंग्रजी येत नाही, पण डॉग म्हणजे काय ते माहीत होतं. ते कुकरच्या झाकणातून डोकं वर काढून विचारायचे, "सर, आज कौन गया?"

एका सकाळी मी विचारलंच.

"सर, हे कुत्र्यायचं काय हाये? रोज काहून कुत्रे आनता तुमी मधात?"

सरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. शिकवण्याची हौस माणसाबरोबर सेवानिवृत्त होत नाही. म्हणाले, "बाई, हा वाक्प्रचार आहे. एखादी गोष्ट भराभर बिघडत चालली, तिचा दर्जा घसरत चालला, की असं म्हणतात."

"पन कुत्र्यायकडेच काहून?"

"नक्की कोणी सांगू शकत नाही. असं म्हणतात की माणसांनी खाण्यालायक उरलं नाही ते अन्न कुत्र्यांना टाकायचे. त्यावरून."

"आपल्या गल्लीतले कुत्रे खव्याच्या दुकानामागं राह्यतात," मी म्हटलं. "त्यायच्याकडं गेलं तं काय वाईट हाये?"

चाचा खो-खो हसले. सरांना शिकवताना हसलेलं चालत नाही. त्यांनी बोट वर केलं आणि वापरायचे नियम सांगितले. ते मला आजही पाठ आहेत. एक तर ती गोष्ट आधी चांगली असली पाहिजे. मुळातच रद्दी आहे तिला हे म्हणत नाहीत. अचानक छत कोसळलं तर त्याला म्हणत नाहीत. डोळ्यांसमोर, बघता बघता, पण वेगाने उतरत जाणाऱ्या गोष्टीला म्हणतात. शहराला म्हणतात, संस्थेला म्हणतात, एखाद्या घराण्याला म्हणतात. तापाने आजारी पडलेल्या माणसाला म्हणत नाहीत, पण ज्याने स्वतःचं आयुष्य हातानं नासवलं त्याला म्हणतात. आणि म्हणताना रागावायचं नसतं. "थोडा खेद हवा," सर म्हणाले, "आणि थोडी मजा."

"म्हनजे आपली गल्ली आधी चांगली होती, हे तुमी मान्य करता."

"होती," सर म्हणाले. त्या 'होती'वर त्यांनी जरा वजन दिलं, हे मला आत्ता आठवतं.

मला ते वाक्य आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही. आमच्याकडे बिघडण्याला शब्द कमी नाहीत. वाट लागली, बट्ट्याबोळ झाला, मातेरं झालं, सत्यानाश झाला. पण हे सगळे शब्द काम संपल्यावर येतात. वाट लागली म्हटलं की लागलीच, आता त्यावर बोलायचं काय उरलं? 'उतरती कळा' आहे, पण ती कीर्तनात शोभते, दुकानात नाही. सरांच्या वाक्यात ती गोष्ट अजून रस्त्यात असते. गेलेली नसते, चाललेली असते. आपण ओट्यावर बसून तिच्याकडे बघत असतो. आपलं स्वतःचं काही बिघडलेलं नसतं, हेही त्यात न बोलता येतं. ज्याच्या तोंडून हे वाक्य निघतं तो माणूस स्वतः कुत्र्यांकडे चाललेला कधीच नसतो.

मग मी ते वापरायला लागले. पैठणी घेऊन एक बाई आली, हातात भारी पर्स, गॉगल डोक्यावर. माझं नेहमीचं खोड काढणं तिने हसण्यावारी नेलं. मी साडी उन्हाकडे धरली, उसासा सोडला आणि म्हटलं, "ताई, ही साडी गोइंग टू द डॉग्ज हाये." तिचा गॉगल डोक्यावरून नाकावर आला. विरलंय, चिरलंय, जर गेली, हे तिला भांडेवालीचं बोलणं वाटत होतं. इंग्रजीत सांगितल्यावर तिला तो डॉक्टरचा रिपोर्ट वाटला. पैठणी देऊन ती एक कढई घेऊन गेली, आणि वर मला थँक यू म्हणाली.

सरांना सांगितलं तर ते खूष. "बाई, यू आर अ नॅचरल."

चाचा म्हणाले, "बाई, तुम तो अंग्रेज हो गयी."

सगळीकडे मात्र चाललं नाही. मोर्शीचा एक संत्रेवाला गाडी घेऊन गल्लीत यायचा. त्याच्या संत्र्यांना मी तेच म्हटलं. त्याने एक फळ सोलून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "बाई, कुत्रे संत्रे खात नाईत. मानसंच खातात. बोला, किती देऊ?" त्याच्याकडून मी त्याच्याच भावाने घेतली. त्या माणसाला फसवणं अवघड आहे. मी त्याच्यासारखी वागले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

कारण त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांचे कुत्रे इतर सगळं सोडून आमच्या गल्लीच्या मागे लागले. नाली खोदून ठेवली होती आणि कोणी बुजवत नव्हतं. "बघा बाई. गोइंग टू द डॉग्ज." मोठ्या रस्त्यावर काचेचं भांड्यांचं दुकान झालं. "तुमचं गिऱ्हाईक तिकडे वळणार. धिस लेन, टू द डॉग्ज." बायका जुने कपडे आता मोलकरणींना देऊन टाकतात, फोनवर भांडी मागवतात. गल्लीच्या तोंडाशी गाड्या उभ्या राहतात, गाठोडं घेऊन बाई आत येणार कशी? प्रत्येक गोष्ट खरी होती. हेच तर त्यातलं वाईट. नाली वेगळी, काचेचं दुकान वेगळं, गाड्या वेगळ्या, तोवर मी प्रत्येकाशी भांडत होते. नालीसाठी महानगरपालिकेत जाऊन ओरडून आले होते. एका गाडीच्या टायरची हवा सोडली होती, ती कोणाची होती ते इथे सांगत नाही. पण सर रोज सकाळी सगळ्यांची एकाच वाक्यात मोळी बांधायचे, आणि मोळी बांधली की ती मला उचलेना. मी भांडायचं सोडलं. भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि गल्ली जाताना बघायचे. रंग उडालेल्या पाट्या, तारांचे गुंते, चाचांच्या दुकानाचं वाकलेलं शटर, हे सगळं वर्षानुवर्षं तिथेच होतं, पण मला ते त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दिसलं.

अमरावतीहून मुलीचा फोन यायचा. "आई, ये न आता इकडं. किती दिवस एकटी राह्यते?" मी म्हणायचे, दुकान कोण घेणार, गल्ली तर गोइंग टू द डॉग्ज. हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणायचे.

एका सकाळी चहा संपवून सर म्हणाले, "बाई, तुम्हाला मुलीकडे जायचंय. या गल्लीत दुकानाला गिऱ्हाईक मिळायचं नाही. तुमची अडचण होऊ नये म्हणून सांगतो, हवं तर दुकान मीच ठेवून घेतो."

मला भरून आलं. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं. शिकलेला माणूस, एकटा, काही गरज नसताना माझ्यासाठी बुडायला तयार होता.

भाव करायचा म्हणून मी केला. पण केला असं म्हणायचं फक्त. भाव वाढवायचा तर माल चांगला आहे असं म्हणावं लागतं, आणि मी तोंड उघडलं तर माझ्याच तोंडात सरांचं वाक्य बसलेलं. ओट्यावर सावली असते, म्हटलं. सर म्हणाले, "हो, पण बसायला येणार कोण?" आणि मी मान डोलावली. माझ्याशी भाव करताना माणसं घामाघूम होतात. सरांच्या कपाळावर एक थेंब नव्हता. मी हात पुढे केला, त्यांनी हात दिला. आमच्या धंद्यात हात दिला की संपलं, मग कोणी कितीही जास्त देऊ म्हटलं तरी मागे फिरायचं नाही. निघताना मी त्यांना एकात एक बसणारे स्टीलचे डबे भेट दिले. माझ्या हाताने, पुसून.

अमरावतीला पोचले त्या संध्याकाळी मुलगी कणकेचे गोळे करत होती. मी पोळ्या लाटायला बसले.

"विकलं? कोनाले?"

"सराले. त्यायनंच म्हटलं, तुमची अडचन नको."

"कोनते सर? जे रोज गल्लीले नावं ठेवत होते ते?"

"तेच."

मुलीने कणकेतला हात तसाच थांबवला. "आई, अन् तूच आमाले सांगत आली न? नावं कोन ठेवते?"

मी लाटणं उचललेलं होतं ते तसंच राहिलं. तव्यावरची पोळी काळी झाली. मुलीने ती उलटली नाही, मीही उलटली नाही. आणि ती हसायला लागली. पोटच्या मुलीला अशा वेळी हसू येतं, हे मला तेव्हा कळलं.

बैलाची खोड काढणारा मी पाठमोरा ओळखते. संत्र्याची, शालूची, पितळेच्या घागरीची खोड काढणारा ओळखते. वऱ्हाडीत काढा, हिंदीत काढा, मारवाडी दुकानदाराने नुसतं नाक उडवून काढली तरी ओळखते. इंग्रजीत काढलेली खोड मला ज्ञान वाटली. माझी चूक असेल तर एवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात बोलत होते. मूर्तिजापूरनंतर मोठ्याने बोलायला लागले, तेव्हा शेजारच्या बाईने जागा बदलली. पण अकोल्याला उतरल्यावर बसस्टँडवरच पाय अडखळले. हात दिला होता. हात देऊन वर तोंड वाजवायला जाणारी बाई मी कधी नव्हते. तशीच परत फिरले.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. जुन्या कपड्यांचा व्यवहार उरकायला मला अकोल्याला जावंच लागलं, आणि पाय आपोआप गल्लीत वळले. नाली बुजलेली, वर नव्या फरश्या. गाड्यांना मज्जाव करणारा खांब रोवलेला. माझ्या दुकानाला निळा रंग, वर पाटी: इंग्रजी संभाषण वर्ग. माझ्या ओट्यावर गुळगुळीत टाइल्स, त्यावर चपलांची रांग.

चाचांनी मला बघितलं आणि पक्कड खाली ठेवली. "बाई, तुम गयी उस दिन से कुत्ते बंद."

"म्हनजे?"

"सर का. एक दिन भी नहीं बोले. अब कुछ दूसरा बोलते. लुकिंग अप, लुकिंग अप. मैं तो हर बार ऊपर देखता."

सर वर्गातून बाहेर आले. "या, या बाई! बघितलंत, गल्ली किती सुधारली? धिस लेन इज लुकिंग अप."

"सर, कुत्रे कुठी गेले?"

"कोणते कुत्रे?"

"जे तुमी रोज सकायी आनत होते."

सर हसले. "अहो, तो वाक्प्रचार. तो शब्दशः घ्यायचा नसतो."

"मी शब्दशः नाई घेतला. मी दुकान देल्लं."

आत मुलं पाठ म्हणायची थांबली. माझा आवाज लहान नाही, आणि तो लहान करायची मला गरजही वाटली नाही. मी म्हटलं, तुम्हाला घ्यायचं होतं तर सरळ सांगायचं होतं. सर म्हणाले, "तुम्ही विचारलंत का कधी?" मी म्हटलं, नाली बुजणार हे तुम्हाला माहीत होतं. ते म्हणाले, सगळ्या नाल्या कधीतरी बुजतात. मग त्यांनी चष्मा पुसला आणि आपलं हुकमी पान टाकलं.

"बाई, तुम्ही आयुष्यभर बायकांच्या शालूंना नावं ठेवलीत. ती पैठणी आठवते? मग तुम्ही त्या सगळ्यांना फसवलंत का?"

गल्लीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. 

"सर, मी दारात उभी राह्यत होती तेव्हा माह्या डोक्यावर टोपली होती. अर्ध्या गल्लीले ऐकू जाईन अशी वरडत येत होती. बाईले दिसत होतं, हे घ्यायले आली. मी बोललेलं तिनं त्या हिशोबानं ऐकलं. तुमच्या डोक्यावर काय होतं? तुमी पेपर घेऊन बसले होते. माहा चहा पेत होते."

"सर," चाचा समोरून म्हणाले, "बाई की बात में वजन है."

सर म्हणाले, आत वर्ग खोळंबलाय. आणि आत गेले. माझ्याच दारातून.

तेव्हापासून व्यवहाराच्या निमित्ताने अकोल्याला गेले की मी चाचांच्या दुकानातल्या लाकडी खोक्यावर बसते. मला वाटलं होतं, सरांचंच औषध सरांना पाजावं. मुलाला घेऊन एक आई आली. मी खोक्यावरून उसासा सोडला, अगदी नियमाप्रमाणे, थोडा खेद आणि थोडी मजा. "बाई, लेकराले कायले आनलं इथं? धिस लेन इज गोइंग टू द डॉग्ज."

ती आई थबकली. माझ्या नऊवारीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"काकू, तुमी इंग्रजी बोलता?"

"बोलतो न. काहून?"

"कुठी शिकल्या?"

मी खोटं बोलत नाही. भाव करताना बोलते, एरवी नाही. म्हटलं, "याच सरानं शिकवलं. याच ओट्यावर."

तिने मुलाचा हात धरला आणि थेट आत जाऊन नाव घातलं. पुढच्या खेपेला मैत्रिणीला घेऊन आली, मला दाखवायला. "ह्या काकू पाह्य. भांडे विकत होत्या, आता बोलतात कशा." चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी जितकी गल्लीची बदनामी केली तितकी चपलांची रांग वाढत गेली, आणि एके दिवशी सरांनी आतून माझ्यासाठी चहा पाठवला. वर निरोप, "बाईंना सांगा, यू आर माय बेस्ट ॲडव्हर्टाइजमेंट." चहा मी प्यायले. चहाशी माझं भांडण नाही.

मुलगी म्हणते, आई, सोड आता. सरांच्या बाजूचे लोक म्हणतात, बाईने आपखुशीने दिलं, हात दिला, डबे दिले, आता कशाला ओरडते? बरोबर आहे. हात दिला तो मी मागे घेत नाही. ओटा परत मागत नाही, जास्तीचा भाव मागत नाही. इंग्रजीत वाक्प्रचार म्हणण्यावर कोणाला बंदी नाही, खोड काढण्यावरही नाही. गिऱ्हाईक म्हणून समोर उभे राहून माझा ओटा रद्दीच्या भावात नेला असता, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि मनात म्हटलं असतं, बाप्पा, पक्का माणूस भेटला.

पण सर, मला एक गोष्ट कळलीच पाहिजे, आणि ती तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. ज्या सकाळी मी तुम्हाला त्या वाक्याचा अर्थ विचारला आणि तुम्ही पेपर बाजूला ठेवून इतक्या मायेने तो समजावून सांगितलात, त्या सकाळी तुम्ही माझे शेजारी होतात की गिऱ्हाईक? शेजारी होता, तर मग गिऱ्हाईक कोणत्या दिवशी झालात? आणि पहिल्या घोटापासूनच गिऱ्हाईक होता, तर तसं म्हणा. वर्ग सुटल्यावर ओट्यावर या, चाचांच्या समोर उभे राहा आणि जबाब द्या. मराठीत द्या.